सुईमावशीची सहा भोकं

मश्रूमच्या शेडमध्ये तुम्ही नेमकं काय काम करता, असं कुणी विचारलं की सुईमावशी सरळ सांगून टाकायची, "मी भोकं पाडते." ऐकणारा हसायचा. तो हसणार हे तिला ठाऊकच असायचं. हसून झालं की ती त्याला शेजारी बसवून घ्यायची आणि भोकं का पाडायची हे समजावून सांगायला लागायची. एकदा ती लागली की त्या बिचाऱ्याची अर्ध्या तासाच्या आत सुटका नसायची.

काम मात्र खरंच तेवढंच होतं. शेडच्या एका टोकाला मश्रूम पिकवायच्या अंधाऱ्या खोल्या होत्या, दुसऱ्या टोकाला कोल्ड रूम, आणि मधे एक लांबलचक टेबल. त्या टेबलावर बायका मश्रूम ट्रेमध्ये भरायच्या, वजन करायच्या आणि वर पारदर्शक फिल्म ताणून चिकटवायच्या. तयार डबा सरकत सरकत शेवटी मावशीच्या स्टुलापाशी यायचा. तिच्याकडे बुचाची एक जाड चकती होती, तिच्यात सहा सुया रोवलेल्या. डाव्या हाताने डबा ओढायचा, उजव्या हाताने चकती फिल्मवर टेकवायची आणि उचलायची. सहा भोकं पडली, डबा क्रेटमध्ये, पुढचा डबा पुढ्यात. दिवसाला दोन हजार डबे, आणि असे दिवस अठरा वर्षं.

वाचायला सोपं वाटतं, पण एकदा करून बघावं. फिल्म आणि मश्रूमची टोपी यांच्यात जेमतेम बोटभर जागा असते. सुई जरा खोल गेली की टोपीला लागते, दुसऱ्या दिवशी तिथे तपकिरी ठिपका उठतो आणि सडायला तिथूनच सुरुवात होते. मावशीचा हात त्या बोटभर जागेत बरोबर थांबायचा. कुणाशी भांडत असली तरी थांबायचा, आणि ती भांडत नाही असा दिवस विरळाच.

भांडायला तिला कारणं भरपूर होती. कुणी क्रेट जमिनीवर ठेवला की ती स्टुलावरूनच ओरडायची, "उचल तो! जमीन काय तुझ्या घरचं ताट आहे?" कोल्ड रूमचं दार कुणी उघडं टाकलं, हात न धुता कुणी टेबलाशी उभं राहिलं, मोरीवरचं पाणी पायांनी पसरत कुणी आत आलं, की झालंच. स्टूल कोल्ड रूमच्या अगदी दाराशी होतं. दार उघडलं की गार वाऱ्याचा लोट अंगावर यायचा, म्हणून ती बारा महिने दोन स्वेटर आणि एक कानटोपी घालून बसायची. संध्याकाळी सगळे घरी निघाले की ही आपली चकती घेऊन गॅसपाशी जायची आणि सुया दहा मिनिटं उकळत ठेवायची. तोवर कुणी तिच्याशी बोलायचं नाही. बोललं तर ती पुन्हा पहिल्यापासून दहा मिनिटं मोजायची.

ही शिस्त काही ती आईच्या पोटातून शिकून आली नव्हती. उलट नोकरी लागली तेव्हा ती चांगलीच कामचुकार होती. शिवणकाम सुटलं आणि घर चालवायचं होतं म्हणून आलेली. भोकं कशासाठी पाडायची हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं. तिला वाटायचं, गिऱ्हाइकाला वास घेता यावा म्हणून असतील. एक दिवस डोकं दुखत होतं, तेव्हा शेवटचे चाळीस डबे तिने भोकं न पाडताच क्रेटमध्ये सरकवून दिले. चाळीस डब्यांनी काय आभाळ कोसळणार आहे?

आभाळ कोसळलं नाही, पण दुसऱ्याच दिवशी सरकारी तपासनीस बाई आली. बारीक चणीची, चष्मेवाली, हळू बोलणारी. कोल्ड रूममधल्या दोनशे डब्यांतून तिने नेमका त्या चाळिसांतला एक उचलला, उजेडाकडे धरला आणि विचारलं, "हा कुणी केला?" आता नोकरी गेलीच असं धरून मावशी पुढे झाली. पण बाई रागावली नाही. तिने दुसरं स्टूल ओढलं आणि मावशीच्या समोर बसली.

ती म्हणाली, "हे बघा, मश्रूम तोडलं म्हणजे मेलं असं नाही. डब्यातही ते श्वास घेत असतं. झाकण घट्ट असलं की आतली हवा ते एक-दोन दिवसांत संपवून टाकतं. आणि मातीतला एक जंतू असा आहे की हवा असली तर तो गप्प पडून राहतो. हवा संपली आणि जरा ऊब मिळाली की उठतो आणि विष तयार करतो."

"मग वास येईल की," मावशी म्हणाली.

"तीच तर पंचाईत आहे. वास येईलच असं नाही, रंग बदलेलच असं नाही. मश्रूम पांढरंशुभ्र दिसतं आणि खाणाऱ्याला एकाचे दोन दिसायला लागतात, जीभ जड होते, मग श्वास घेता येत नाही."

"पण आपण तर गारठ्यात ठेवतो."

"गारठ्यात तो झोपतो. पण डबा जन्मभर तुमच्या गारठ्यात राहणार आहे का?" बाई उठता उठता म्हणाली. "आणि गारठ्यातही वाढणारा दुसरा एक जंतू आहे. तो ओल्या जमिनीवर, मोरीत राहतो. त्याला भोकांचं काही वाटत नाही. त्याच्यासाठी स्वच्छता."

मावशीने दोन्ही जंतूंची लांबलचक नावं त्याच दिवशी विसरून टाकली. पण हिशोब पक्का लक्षात ठेवला. एकाला हवा द्यायची, दुसऱ्याला ओल द्यायची नाही. ते चाळीस डबे तिने शोधून शोधून बाहेर काढले आणि त्या दिवसापासून तिच्या हातून एकही डबा भोकांवाचून गेला नाही. सुईमावशी हे नाव तेव्हाच पडलं. पाठीमागे लोक तिला आणखीही काही म्हणत असत, पण बोलण्याने अंगाला भोकं पडत नाहीत असं ती म्हणायची, आणि भोकांच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा होता.

घरी मावशीशिवाय माणसं तीन. मावशीचा नवरा बस चालवून निवृत्त झाला होता आणि आता स्वयंपाकघर चालवत होता, तेही बस चालवल्यासारखंच, मधे कुणी आलेलं त्याला खपत नसे. मुलगा दूर बांधकामावर असायचा, महिन्यातून दोनदा घरी यायचा. तिसरी सून. लग्नानंतर वर्षभराने मावशीनेच तिला शेडमध्ये वजनकाट्यावर चिकटवलं होतं. पोरगी चलाख होती. काटा बिघडला तर दुरुस्त करणाऱ्याची वाट न बघता स्वतःच उघडून बसायची. मावशीला तिचा अभिमान होता, पण तो तिने तोंडाने कधी सांगितला नाही, कारण सुनेचं कौतुक तोंडावर केलं की ती बिघडते असं तिचं मत होतं. दोघी एकाच बसने जायच्या, एकाच डब्यातून जेवायच्या. सासू-सुनेचं इतकं पटतं, हे शेडमधल्या बाकीच्या बायकांना मुळीच पटत नव्हतं. आज ना उद्या काहीतरी निघेलच, असं त्या धरून होत्या.

आणि निघालं. मोठ्या मालकांनी कामातून अंग काढून घेतलं आणि त्यांचा मुलगा कारभार बघायला लागला. हा मुलगा लहानपणी शेडमध्ये खेळायला यायचा, तेव्हा त्याच्या बुटांचे बंद मावशीच बांधायची. आता तो धाकटा मालक झाला होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याला घाई होती. एका मोठ्या दुकानसाखळीने त्याला सांगितलं होतं की तुमची मश्रूम चौथ्या दिवशी तपकिरी पडतात, आम्हाला आठवडाभर पांढरी राहणारी हवीत. तेव्हा त्याने पॅकिंगचं मशीन आणलं आणि त्याच्याबरोबर जाड, चकचकीत फिल्मचा रोल आणला. ट्रे ठेवला की मशीन स्वतः फिल्म ताणून, चिकटवून, कापून मोकळं. भोकं नाहीत.

मग धाकट्या मालकाने कोल्ड रूममध्ये दोन डबे शेजारी शेजारी ठेवले. एक मावशीच्या हातचा, एक मशीनचा. नवव्या दिवशी त्याने सगळ्यांना बोलावून दाखवलं. मावशीच्या डब्यातली मश्रूम म्हाताऱ्या माणसाच्या हातांसारखी डागाळली होती. मशीनच्या डब्यातली जणू आत्ताच तोडली होती. टाळ्या वाजल्या. मशीनवर कोण बसणार, तर सून. आणि मावशीने आता गारठ्यात बसायचं नाही, ऑफिसमध्ये हीटरजवळ बसून लेबलं लावायची. पगार तोच.

"भोकं कोण पाडणार?" मावशीने विचारलं.

"मावशी, आता भोकांची गरजच नाही. तुम्हीच बघा ना, कुठलं मश्रूम चांगलं दिसतंय?"

"दिसण्याचं नाही बोलत मी. आतली हवा संपली म्हणून ते पांढरं राहिलंय. हवा संपली की तो मातीतला उठतो."

"आपली कोल्ड रूम तीन डिग्रीवर आहे. तीन डिग्रीत कोण उठणार?"

"तुमच्या खोलीत नाही उठणार. खोलीबाहेर गेल्यावर?"

"दुकानांत फ्रीज असतात, मावशी," तो हसून म्हणाला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताने तर तिचं बोलणंच संपवलं. समजूत काढायला ठेवलेला हात होता तो.

दुपारी जेवताना शेजारच्या टेबलावरून तिच्या कानावर आलं, "स्टूल सुटत नाही म्हातारीला." दुसरी म्हणाली, "स्टुलाचं काय घेऊन बसलीस? सून वर चढली, ते बघवत नाही. नाव भोकांचं, टोचायचंय सुनेला." समोर सून बसली होती. तिनेही ते ऐकलं होतं, आणि ती डब्यात बघून जेवत राहिली.

त्यानंतर मावशी मूग गिळून गप्प बसली. खरं तर तिला दुसरीच भीती पडली होती. लोक म्हणतात त्यात तथ्य असलं तर? आपण भोकांसाठी बोलतोय की स्टुलासाठी, हे तिचं तिलाच कळेना. अठरा वर्षं ज्या जागेवर बसलो ती जागा सुटताना माणूस काहीही कारण काढतं. तपासनीस बाईला भेटून अठरा वर्षं झाली. कदाचित फिल्म सुधारली असेल, जंतूही सुधारला असेल.

म्हणून तिने स्वतःपुरती परीक्षा घ्यायची ठरवली. एक मशीनचा डबा आणि एक आपल्या हातचा, असे दोन डबे रीतसर विकत घेऊन ती घरी आली आणि ते फ्रीजमध्ये न ठेवता स्वयंपाकघरातल्या कपाटावर ठेवले. गिऱ्हाईक हेच करतं. दुकानातून येतं, पिशवी ओट्यावर टाकतं आणि विसरतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कपाटापाशी तिचा नवरा मशीनचा डबा हातात घेऊन उभा होता. दुसऱ्या हातात सुरी. "अगं, ही मश्रूम बघ कशी हिऱ्यासारखी आहेत. आणि हा दुसरा डबा टाकून दे, काळा पडलाय. मी कांदा परतायला टाकलाय."

मावशीने त्याच्या हातातून डबा असा हिसकावला की सुरी खाली पडली. डब्यावरची फिल्म आत ओढली गेली होती, मश्रूमच्या टोप्यांना घट्ट चिकटली होती. आतून पाण्याचे थेंब होते. मश्रूम पांढरीशुभ्र. तिने तो डबा उजेडाकडे धरला आणि तिला तपासनीस बाईचा आवाज जसाच्या तसा आठवला. दुसऱ्या डब्याला वास येत होता, तो खराब झाला होता आणि तसं ओरडून सांगत होता. हा मात्र गप्प होता, आणि तिचा चाळीस वर्षांचा संसार त्याच्यासाठी कांदा परतत होता.

"माझ्या कांद्याचं काय करू?" नवऱ्याने विचारलं.

"एकटा खा," ती म्हणाली.

तेवढ्यात सून दारात आली. तिने दोन्ही डबे बघितले, कपाट बघितलं. "आई, तुम्ही मशीनचा डबा मुद्दाम बाहेर ठेवलात?"

"दोन्ही ठेवले."

"आम्ही मर-मर करून तीन डिग्री सांभाळतो आणि तुम्ही तो तीन दिवस कपाटावर ठेवून वाईट ठरवता. पहिल्यांदा मला काहीतरी मिळालंय, आई." तिने खाली पडलेली सुरी उचलून ओट्यावर ठेवली. "मालकांना सांगायचं तर सांगा. पण लोक म्हणतात ते खरं, असंच मी समजेन."

त्या दिवशी दोघी एकाच बसने गेल्या, पण वेगवेगळ्या सीटवर बसून. पुढचे चार दिवस घरात बोलणारा एक मावशीचा नवराच होता, आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

मशीनचा पहिला माल शुक्रवारी जायचा होता. सकाळी भरलेले सहाशे डबे कोल्ड रूममध्ये रचून ठेवले होते आणि दोन वाजता गाडी निघणार होती. मावशी ऑफिसमध्ये हीटरजवळ बसून लेबलं लावत होती. त्या उबेने तिला गुदमरल्यासारखं होत होतं. सहाशे डबे म्हणजे सहाशे घरं. त्यांतली साडेपाचशे घरं डबा फ्रीजमध्ये टाकतील, दोन दिवसांत खातील, काही होणार नाही. उरलेल्या पन्नास घरांत ओट्यावर विसरलेला डबा असेल आणि सुरी घेतलेला एखादा निवृत्त ड्रायव्हर असेल. आता लोक काय म्हणतात ते बघत बसलो तर ते चाळीस डबे बरे होते, ते निदान न कळून भोकांवाचून राहिले होते.

ती उठली आणि धाकट्या मालकापुढे जाऊन उभी राहिली. मशीन चालू होतं, सून मशीनवर होती, टेबलाशी सगळ्या बायका होत्या.

"हे डबे असे जाऊ देऊ नका," ती म्हणाली.

"मावशी, पुन्हा तेच?" तो वैतागून म्हणाला. "मला कळतं हो. इतकी वर्षं त्या जागेवर बसलात, वाईट वाटणारच. पण—"

"थांबा." मावशीने कानटोपी काढली. एक स्वेटर काढला, मग एप्रन काढला, त्याची नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवला. एप्रनवर सुयांची चकती ठेवली. "मी नोकरी सोडली. आत्ता, या घटकेला. सगळ्यांनी ऐकलं ना?"

टेबलाशी उभ्या सगळ्या बायका तिच्याकडे वळल्या.

"आता मला हे स्टूल मिळायचं नाही, हीटर मिळायचा नाही, इथलं काहीच मिळायचं नाही. आता तरी ऐकाल? मशीन चांगलं आहे. मशीनवर माझी सून आहे, तिच्याइतकं ते दुसऱ्या कुणाला चालवता येणार नाही, हे मी तिला घरी कधी सांगितलं नाही, इथे सांगते. वाईट आहे ती फिल्म. भोकं पाडलेली फिल्म कुठे मिळत असेल तर ती आणा. मग मशीनही राहील, सूनही राहील, आणि मी लागणारच नाही. पण हे सहाशे डबे असे गेले आणि एखाद्याने ओट्यावर ठेवून खाल्ले, तर ते त्याला कळणार नाही, तुम्हाला कळणार नाही, आणि मला माहीत असून मी गप्प बसले होते हे फक्त मला माहीत असेल."

धाकट्या मालकाने खिशातून फोन काढला आणि फिल्म विकणाऱ्याला लावला. मशीनच्या आवाजात ऐकू येईना म्हणून सुनेने मशीन बंद केलं, आणि त्याने फोनचा आवाज मोठा केला, तेव्हा विक्रेता काय म्हणाला ते सगळ्यांनीच ऐकलं.

"मश्रूमवर? साहेब, ही फिल्म चीजसाठी आहे. हवा जाऊच नये म्हणून बनवलेली. मश्रूमला बारीक भोकांची वेगळी येते."

"तुम्ही बोलला नाहीत."

"तुम्ही मशीनचं माप सांगितलंत. आत काय घालणार ते कुठे सांगितलं? मी पाठवतो ना ती, मंगळवारी मिळेल. पण मश्रूम यात घालू नका हां साहेब, भलतंच काहीतरी होईल."

फोन बंद झाला. धाकट्या मालकाचे कान लाल झाले होते. लहानपणी चुकला की असेच व्हायचे.

पण गाडी दोन वाजता होती आणि बारा वाजून गेले होते. डबे सकाळचेच होते, थंडीतून हललेले नव्हते, आत्ता भोकं पाडली तर पाठवायला हरकत नव्हती. मात्र पाडणार कोण? सगळ्यांच्या नजरा आधी चकतीकडे गेल्या, मग मावशीकडे. मावशी हात पाठीमागे बांधून उभी होती. "मी कामावर नाही," ती म्हणाली. तिचा स्वभावच तसा, शब्द म्हणजे शब्द.

सून पुढे आली. तिने हात धुतले, चकती उचलली आणि स्टुलावर बसली. पहिला डबा ओढला, टोचला. सुया थेट तीन मश्रूममध्ये घुसल्या. दुसऱ्यात दोन. तिसऱ्या डब्याला फिल्म टराटरा फाटली. बायकांपैकी कुणी हसलं नाही. सुनेने मान वर केली नाही, पण चार दिवसांत पहिल्यांदा ती मावशीशी बोलली. "आई, हात धरा ना माझा."

मावशी तिच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवली. "मनगटाने ढकलू नकोस. चकती आपल्या वजनाने खाली जाऊ दे. फिल्म फुटल्याचं बोटाला कळतं बघ, कळलं की तिथेच उचल. मश्रूमला वाटायला नको कुणी आलं होतं म्हणून." दहा डबे दोघींनी मिळून टोचले. अकरावा सुनेने एकटीने. विसाव्या डब्याला मावशीने हात काढून घेतला, पण शेवटच्या डब्यापर्यंत ती तिथेच उभी राहिली. गाडी वीस मिनिटं उशिरा निघाली.

गाडी गेल्यावर धाकटा मालक तिच्यापाशी आला. घडी घातलेला एप्रन त्याच्या हातात होता. "मावशी, झालं ते झालं. मी आंधळा होतो. सोमवारी नेहमीसारख्या या."

"तुम्ही आज माझं ऐकलंत, ते कशामुळे?"

तो एप्रनची घडी नीट करत म्हणाला, "तुम्ही नोकरी सोडलीत म्हणून."

"मग सोमवारी येऊन कसं चालेल?" मावशी म्हणाली. तिने दुसरा स्वेटर काढून पिशवीत भरला, कारण बाहेर चांगलं ऊन होतं, आणि ती बसथांब्याकडे चालायला लागली.

साडेपाच वाजता सून घरी आली. मावशीच्या नवऱ्याने बायकोचा चेहरा बघून शहाणपणाने बाजारची वाट धरली होती. मावशी स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. समोर काही निवडायला नव्हतं, काही शिवायला नव्हतं, हात नुसते टेबलावर पडले होते. सुनेने पिशवी ठेवली आणि तिच्यासमोर बसली.

"मंगळवारपर्यंतचे सगळे डबे मीच टोचणार आहे," सून म्हणाली. "आज दोनशेमागे दहा-बारा बिघडले."

"पहिल्या दिवशी माझे पन्नास बिघडले होते."

"तुम्ही सोमवारी आला नाहीत तर..." सून बोलता बोलता थांबली. "मला तसं बोलायचं नव्हतं, आई. त्या दिवशी."

"तू चुकीचं बोलली नव्हतीस," मावशी म्हणाली. आणि तिला रडू आलं. शेडमध्ये आलं नव्हतं, बसमध्ये आलं नव्हतं, ते आत्ता आलं. "बायका म्हणत होत्या ते खोटं नव्हतं गं. जंतूचं खरं होतं, पण तेही खरं होतं. मला ते स्टूल सोडायचं नव्हतं. अजूनही नाही सोडायचं."

सुनेने तिचे दोन्ही हात हातात घेतले. अठरा वर्षांच्या गारठ्याने त्या बोटांची पेरं सुजलेली होती.

"ते सगळ्यांनाच माहीत होतं, आई," सून म्हणाली. "तरी तुम्ही ते सोडलंत, म्हणून तर मालकांनी फोन लावला."